पोर्शन संपला, इतिहास राहिला

स्टाफरूममध्ये, पालकसभेत, क्लासच्या जाहिरातीत आणि वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत एक मत हल्ली मोठ्या तोऱ्यात मांडलं जातं. इतिहासाच्या तासाला मुलांपुढे जुनं व्यंगचित्र, एखादं पत्र किंवा फोटो ठेवायचा आणि ‘यात काय दिसतं, कुणी काढलं असेल, का काढलं असेल’ असं विचारत बसायचं, ही म्हणे निव्वळ थेरं आहेत. इतिहास म्हणजे जे घडलं ते, आणि ते पुस्तकात दिलेलं आहे. शिक्षकाने ते सांगावं, मुलाने लक्षात ठेवावं, पेपरात उतरवावं. व्यंगचित्र ही हसण्याची वस्तू, पुरावा नव्हे. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना त्यातलं काय कपाळ कळणार? साधनांची चिकित्सा हे संशोधकांचं काम. शाळेत ती आणणं ही परदेशातून उचललेली टूम. शिवाय चित्र म्हटलं की कुणाच्या तरी भावना दुखावणार, हे विकतचं दुखणं कशाला? आणि या सगळ्यावर कडी म्हणजे : पोर्शन कधी संपवायचा?

हे पाचही आक्षेप इतक्या आत्मविश्वासाने मांडले जातात की ऐकणारा मान डोलावतो. मान डोलावण्याआधी एकेकाचा समाचार घेतलेला बरा.

व्यंगचित्र ही गंमत असते, असं ज्यांना वाटतं त्यांनी फ्रान्सच्या लुई-फिलिप राजाची आठवण ठेवावी. १८३१ साली ओनोरे दोमिए या चित्रकाराने त्याला गार्गांतुआ नावाच्या खादाड राक्षसाच्या रूपात रंगवलं. राक्षस खुर्चीत बसलाय, त्याच्या तोंडाला लांबलचक फळी लावलीय आणि फाटक्या कपड्यांतल्या रयतेकडून गोळा केलेला पैसा टोपल्याटोपल्यांनी त्या फळीवरून त्याच्या पोटात चाललाय. राजाला यात काही गंमत दिसली नाही. दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली. चित्राची ताकद राजाला कळली, त्याच्या न्यायालयाला कळली; आपल्या शिक्षणतज्ज्ञांना तेवढी कळत नाही. आणि पॅरिसपर्यंत तरी कशाला जायचं? ऑगस्ट १९६० मध्ये बाळ ठाकरे यांनी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक काढलं आणि सहा वर्षांच्या आत, जून १९६६ मध्ये, शिवसेना उभी राहिली. त्या वर्षांतली मुंबई, तिथल्या मराठी तरुणाचा राग, त्या रागाला मिळालेलं वळण, हे सगळं ‘मार्मिक’ची पानं न उलटता शिकवून दाखवा. ज्या राज्याच्या राजकारणाला एका व्यंगचित्रकाराने दिशा दिली, त्या राज्यात व्यंगचित्राला किरकोळीत काढायचं, याला म्हणतात दिव्याखाली अंधार.

‘पण व्यंगचित्रात अतिशयोक्ती असते, पक्षपात असतो!’ असतोच की. तोच तर बघायचा असतो. १८५७ च्या उठावाचं उदाहरण घेऊ. १२ सप्टेंबर १८५७ ला लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात एक पानभर चित्र छापून आलं. शीर्षक ‘न्याय’. त्यातल्या न्यायदेवतेच्या एका हातात तलवार आहे आणि दुसऱ्या हातात ढाल. तराजू कुठेच नाही. चेहरा सुडाने पेटलेला, पायाखाली शिपाई तुडवले जातायत आणि मागे पोराबाळांना कवटाळलेल्या भारतीय बायका भेदरून उभ्या आहेत. या चित्रावरून कानपूरला नेमकं काय घडलं, हे कळणार नाही. पण त्या सप्टेंबरात लंडनचा सुशिक्षित वाचक ‘न्याय’ या नावाखाली काय बघायला तयार झाला होता, ते यातून कळतं, आणि इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुठल्या कागदातून क्वचितच कळेल. पुढच्याच महिन्यात, २४ ऑक्टोबरला, त्याच ‘पंच’ने गव्हर्नर जनरल कॅनिंगची टर उडवली. दोषी कोण आणि निर्दोष कोण हे पारखून शिक्षा करा, एवढंच कॅनिंग म्हणत होता. चित्रात तो शिपायाच्या डोक्यावर मायेने हात ठेवतोय आणि शिपायाच्या हातातल्या शस्त्रांवरून रक्त ठिबकतंय. दयेचा नुसता उच्चार करणारा माणूस विनोदाचा विषय होतो, ही त्या काळाबद्दलची केवढी मोठी माहिती आहे! ‘इंग्रजांनी उठाव क्रूरपणे मोडून काढला’ हे वाक्य पाठ करणाऱ्या मुलाला क्रौर्य घडलं एवढं समजतं. त्या क्रौर्याला घरबसल्या टाळ्या कशा मिळाल्या, हे समजायला चित्रच लागतं.

गंमत अशी, की व्यंगचित्राला पक्षपाती म्हणून बाहेर काढणारे हेच लोक तैलचित्र आणि फोटो डोळे मिटून मान्य करतात. जोसेफ नोएल पेटन या चित्रकाराने उठावावर एक चित्र काढलं : कानपूरच्या बीबीघरातल्या कत्तलीची आठवण करून देणारा, एकमेकींना बिलगलेल्या इंग्रज बायकामुलांचा घोळका. १८५८ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत ते लागलं तेव्हा मागच्या दारातून शिपाई आत घुसत होते. प्रेक्षकांना ते सोसवेना. चित्रकाराने शिपाई पुसले आणि त्याच दारात सुटकेला धावून आलेले स्कॉटिश सैनिक रंगवले. बायका त्याच, घोळका तोच, दार तेच. कत्तलीची सुटका झाली. आणि फोटो? लखनौच्या सिकंदर बागेत शेकडो शिपाई मारले गेले ते नोव्हेंबर १८५७ मध्ये. फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराने तिथे फोटो काढला तो पुढच्या वर्षी, काही महिने उलटल्यावर. तरी फोटोत पडक्या वाड्यापुढे हाडं आणि कवट्या पसरलेल्या आहेत. इतके महिने त्या उघड्यावर कुणी राहू दिल्या असतील? की फोटोसाठी उकरून मांडल्या असतील? असे प्रश्न विचारायची सवय ज्याला लागलेली नाही, तो फोटोपुढे पहिला फसतो. व्यंगचित्र निदान आपली बाजू कपाळावर लिहून येतं. उलटतपासणीचे पहिले धडे गिरवायला याहून सोयीचा साक्षीदार कुठला?

आता ‘मुलांना कळत नाही’ हा आक्षेप. मुलांना काय कळत नाही, हे न विचारताच ठरवण्यात आपली पिढी तरबेज आहे. आठवीच्या वर्गात ‘पंच’मधलंच २२ ऑगस्ट १८५७ चं चित्र ठेवा. ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेपावतोय, वाघाच्या पंजाखाली एक बाई आणि तान्हं मूल. सिंह कोण, वाघ कोण, हे मुलं बघताक्षणी सांगतील. मग विचारा, वाघ का चिडला हे चित्रात कुठे आहे? वर्ग शोधू लागेल आणि त्याला काहीच सापडणार नाही. खालसा केलेलं अवध नाही, काडतुसं नाहीत, पगाराची गाऱ्हाणी नाहीत, गेलेली वतनं नाहीत. वाघ चवताळला कारण तो वाघ आहे. मारणाऱ्याला कारण आहे आणि मरणाऱ्याला फक्त जात आहे, ही चित्रातली लबाडी एकदा मुलाच्या ध्यानात आली की वसाहतवाद या जड शब्दाची व्याख्या त्याला पाठ करावी लागत नाही. संदर्भ द्यावा लागतो, हे खरं. तो देण्यासाठीच शिक्षक वर्गात असतो ना? नुसतं पुस्तक वाचून दाखवायचं असेल तर त्याला पगार कशाचा?

आणि ही तीच मुलं आहेत, जी मोबाइलवर आलेल्या मीममधला टोमणा, त्यातला जुन्या सिनेमाचा संदर्भ आणि टोमणा कुणाला लागणार आहे हे, आपण चष्मा शोधेपर्यंत ओळखून मोकळी होतात. त्यांची चित्र वाचण्याची ताकद वर्गाबाहेर तासून निघतेय. वर्गात मात्र आपण तिला दारावरच अडवतो, आणि मग मुलं पुढे येईल ते फॉरवर्ड खरं मानतात म्हणून गळा काढतो.

तिसरा आक्षेप सर्वांत मजेशीर : साधनचिकित्सा ही म्हणे परक्यांची टूम. हे वाक्य महाराष्ट्रात उच्चारायला खास धाडस लागतं. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं उपसून कागद गोळा केले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि एकूण खंड झाले बावीस. बखरीत लिहिलंय म्हणून खरं, हे त्यांनी मानलं नाही. समकालीन पत्र काय म्हणतं ते आधी बघा, असा त्यांचा हट्ट होता. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते याच हट्टापायी. अस्सल कागद कोणता आणि नक्कल कोणती, लिहिणारा जवळचा की ऐकीव सांगणारा, शाई-शिक्का-मायना काय सांगतो, यावर इथे पिढ्यानपिढ्या हमरीतुमरीवर येऊन वाद झाले. ही टूम असेल तर ती सदाशिव पेठेतली आहे.

बरं, पुस्तकातल्या ज्या ‘पक्क्या’ गोष्टी पाठ करायला सांगता, त्या तरी कुठून आल्या? शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा, असं कित्येक पिढ्यांनी घोकलं. पुढे कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात जन्मतिथी होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. त्यावर अनेक दशकं वाद झडले, दुसरी साधनं पडताळली गेली आणि शेवटी राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. आज शाळेत शिवजयंतीची सुट्टी ज्या दिवशी मिळते, तो दिवस साधनचिकित्सेने ठरवलेला आहे. जी तारीख पुराव्याने बदलली तीच तारीख पुरावा न दाखवता पाठ करून घ्यायची, आणि वर म्हणायचं की पुरावा हा मुलांचा विषय नाही! ही नवी तारीख उद्या कुणी नाकारली तर मुलाने काय उत्तर द्यायचं? ‘बाईंनी सांगितलं’?

आपल्या पाठ्यपुस्तक मंडळाला हे कळत नव्हतं असंही नाही. सातवी, आठवी, नववी, तिन्ही इयत्तांच्या इतिहासाच्या पुस्तकाचा पहिला धडा ‘इतिहासाची साधने’ हाच आहे. मग वर्गात होतं काय? भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने अशी यादी फळ्यावर उतरते. नाणी, ताम्रपट, बखरी, पोवाडे हे शब्द अधोरेखित होतात. ‘टिपा लिहा’मध्ये त्यांतला एखादा ठरलेला, गाइडमध्ये त्याचं चार ओळींचं उत्तर. धडा संपतो, आणि तीन वर्षं साधनांची नावं पाठ करणाऱ्या मुलाने एकही साधन हातात धरलेलं नसतं.

आता या सगळ्यांतला खरा गंभीर आक्षेप : भावना. इथे टिंगल करून चालणार नाही. २०१२ चं प्रकरण महाराष्ट्राने जवळून पाहिलेलं आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं २८ ऑगस्ट १९४९ चं व्यंगचित्र होतं. राज्यघटना नावाच्या गोगलगायीवर डॉ. आंबेडकर बसलेत, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हातात उगारलेला चाबूक. भोवती तमाशा बघणारी जनता. पुस्तक २००६ पासून वर्गात होतं. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला, मंत्र्यांनी माफी मागितली, चित्र मागे घेतल्याचं जाहीर केलं. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव या मुख्य सल्लागारांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली.

दलित विद्यार्थ्याला त्या चित्रातला चाबूक टोचला, हे साहजिक आहे. ज्याच्या आज्या-पणज्यांच्या पाठीवर खरे चाबूक पडले, त्याला मागून उगारलेला चाबूक नुसती चित्रकाराची लकब वाटणार नाही. पण हे बोलायला वर्गाहून योग्य जागा कोणती? नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर आहे की बाबासाहेबांवर? १९४९ च्या वाचकाला काय दिसलं असेल आणि आज आपल्याला काय दिसतं? चित्रकाराला जे सुचलं नाही ते आपल्याला का सुचतं? हे प्रश्न विचारणं हेच साधनाचं वाचन. ज्यांना ते चित्र टोचलं त्यांनी ते इतरांपेक्षा बारकाईने वाचलं होतं. त्यांचं वाचन वर्गात आणायचं सोडून आपण चित्र वर्गाबाहेर काढलं.

आणि त्यात कुणाचं नुकसान झालं? चित्राचा आरोप स्पष्ट होता : घटना गोगलगायीच्या गतीने चालली आहे. हा आरोप एकट्या शंकर यांचा नव्हता. घटना समितीत नझिरुद्दीन अहमद यांनीही मसुदा समिती भरकटलीय म्हणून टोमणा मारला होता. या आरोपाला उत्तर मिळालं, आणि ते खुद्द बाबासाहेबांनी दिलं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी हिशेबच मांडला. अमेरिकेने घटना चार महिन्यांत केली, दक्षिण आफ्रिकेने वर्षभरात. पण कॅनडाला दोन वर्षं पाच महिने लागले आणि ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं. अमेरिकेच्या घटनेत कलमं सात, कॅनडाच्या १४७, ऑस्ट्रेलियाच्या १२८. आपल्या घटनेत ३९५. त्यातही त्या देशांना दुरुस्त्यांचा डोंगर उपसावा लागला नव्हता. इथे सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ सभागृहात मांडून निकालात काढाव्या लागल्या. याच्या जोडीला टी. टी. कृष्णमाचारींचं ५ नोव्हेंबर १९४८ चं घटना समितीतलं निवेदन ठेवा : मसुदा समितीच्या सात जणांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारला, एक अमेरिकेत, एक राज्यकारभाराच्या कामात गुंतलेला, एक-दोघे दिल्लीपासून दूर, ओझं अखेर एका आंबेडकरांच्या खांद्यावर आलं.

हे तीन कागद एका तासाला एका बाकावर ठेवा. आधी चित्र, मग कृष्णमाचारी, मग बाबासाहेब. अकरावीचा कुठला विद्यार्थी असा आहे, जो तासाच्या शेवटी गोगलगायीच्या बाजूने उभा राहील? बाबासाहेबांनी आपल्या टीकाकाराला आकड्यांनी कसं गप्प केलं, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं असतं. आपण बाबासाहेबांचा मान राखतोय असं म्हणत आरोप पुसला, आणि त्याबरोबर त्यांचा विजयही पुसला. ज्या माणसाने आयुष्यभर धर्मग्रंथांची उलटतपासणी केली, सरकारी अहवालांची चिरफाड केली, त्याला एका चित्रापासून संरक्षण हवं होतं, असं मानणं हा आदर आहे की अपमान? भावना दुखावतील म्हणून साधन काढून टाकायचं ठरवलं तर पहिलं काय जाईल? १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त दशावतारांच्या कथा उलट बाजूने वाचल्या, तेव्हा दुखावल्या गेलेल्यांची यादी काय कमी होती? भावनांचा कौल घेऊन पुस्तकं छापायची ठरली असती तर महाराष्ट्राला जोतीराव मिळाले नसते आणि बाबासाहेबही नाहीत.

उरला पोर्शन. यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राच्या लेखी पेपरला ४० गुण आहेत, हे मान्य. पण त्याच पेपरात ‘पुढील विधाने सकारण स्पष्ट करा’ असा प्रश्नही असतो. कारण देणं म्हणजे काय, हे ज्याने कधी पुराव्यावरून शोधलं नाही, तो कारणही पाठच करणार. सकारण पाठांतर हा आपल्या शिक्षणपद्धतीने जगाला दिलेला खास नमुना आहे. वर्षभरात चार-पाच तास साधनांना दिले म्हणून कुठलाही पोर्शन अडत नाही. अडतो तो धडा वाचून दाखवण्यात, प्रश्नोत्तरं उतरवून देण्यात आणि वह्या पूर्ण करून घेण्यात.

इथे अर्धवट सुधारकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. चित्र पाहिजे म्हणतात आणि लगेच चित्राचं ‘अपेक्षित उत्तर’ही छापून देतात. ‘या व्यंगचित्रातून लेखकास काय सुचवायचे आहे? उत्तर : (१)… (२)… (३)…’ अशी तीन मुद्द्यांची पट्टी लावली की चित्र गाइडमध्ये जाऊन बसतं आणि मुलं ती पट्टीही घोकतात. साधनाला एकच उत्तर असतं असं शिकवण्यापेक्षा साधन न दाखवलेलं बरं. दोन मुलांनी दोन वाचनं केली तर दोघांना पुरावा मागावा. चित्रातली खूण, तारीख, दुसरा कागद ज्याच्या बाजूने असेल त्याचं वाचन टिकेल. ‘सगळ्यांचं बरोबर’ असंही नाही आणि ‘बाईंचंच बरोबर’ असंही नाही. ही शिस्त विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आपण मागतो. इतिहासाच्या वर्गात ती मागायला लाज का वाटते?

तेव्हा खरा प्रश्न व्यंगचित्राचा नाहीच. मुलाने विचारायला लागावं, हे आपल्याला हवंय का, एवढाच प्रश्न आहे. ‘हे कुणी म्हटलं, केव्हा म्हटलं, कुणासाठी म्हटलं, आणि याने काय लपवलं’ हे चार प्रश्न एकदा जिभेवर बसले की ते ‘पंच’वर थांबत नाहीत. ते पाठ्यपुस्तकावर येतात, पुढाऱ्याच्या भाषणावर येतात, घरातल्या गप्पांवर येतात, आणि शिक्षकावरही येतात. पाचही आक्षेपांच्या मागे भीती आहे ती याची. पण याच भीतीला पुरून उरावं म्हणून इतिहास शिकवायचा असतो. पुरावा न पाहता निकाल मान्य करणारा नागरिक ज्यांना हवा आहे त्यांनी तसं सरळ सांगावं. पोर्शनचा, वयाचा, परकेपणाचा आणि भावनांचा आडोसा घेऊ नये. आणि ज्यांना तो नको आहे त्यांनी उद्याच्या तासाला पुस्तक मिटावं, एक चित्र, एक पत्र आणि एक भाषण बाकावर ठेवावं आणि मुलांना बोलू द्यावं. इतिहास शिकवायला तिथून सुरुवात होते. बाकी सगळं पाठांतर आहे, आणि पाठांतराला इतिहास म्हणणं आता पुरे झालं.